शेवटच्या पॅनलवरचा खडू

कारखाना बंद करायची परवानगी द्या, असा अर्ज कंपनीने केला की सरकारने साठ दिवसांत हो किंवा नाही म्हणायचं. काहीच म्हटलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरतात. कुणी सही करायला नको, कुणी तोंड दाखवायला नको. फाईल टेबलावर नुसती पडून राहिली की शेकडो घरं उठली. हा नियम मला बाबांनी सांगितला, आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवताना. त्यांची नोकरी फायलींतच गेली.

"हे चूक आहे," मी म्हटलं.

"चूक की बरोबर ते नंतर बघ. आज कितवा दिवस?"

एकेचाळिसावा होता.

कारखाना नोएडाच्या पुढे, मोटारगाड्यांचा. मी तिथल्या बचाव समितीची पत्रकं लिहायचे. कॉलेजपासून मला तेवढंच येतं: वर जाड मथळा, खाली मागण्या, आणि शिफ्ट सुटताना गेटवर वाटप. तिथेच काका भेटले. कारखाना उभा राहताना पिंपरीहून आणलेल्या फिटरांपैकी उरलेले ते एकटेच. माझ्याशी मराठीत बोलता येतं म्हणून खूश असायचे, आणि लगेच म्हणायचे, "तुझं मराठी म्हणजे नोटीस बोर्ड आहे यार, पोरी."

काका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबतात त्या विभागात, डाय सांभाळायचे. डाय म्हणजे पोलादी साचा, दिवाणाएवढा. त्यात पत्रा दाबला की गाडीचं दार निघतं, बॉनेट निघतं. कंपनीच्या अर्जात लिहिलं होतं की डाय झिजल्या आहेत, दुरुस्ती परवडत नाही, म्हणून कारखाना चालवणं अशक्य. काका एरवी शांत माणूस. हे वाचून त्यांचे कान लाल झाले होते.

"झिजल्या म्हणे. रोज हात फिरवतो मी त्यांच्यावरून."

पुरावा त्यांच्याकडे होता. प्रेस शॉपची एक पद्धत आहे. एका डायची खेप संपली की निघालेला शेवटचा पॅनल, म्हणजे दाबलेला पत्रा, गाडीला लावत नाहीत. तो डायजवळच उभा करून ठेवतात. फिटर त्यावर खडूने खुणा करतो: इथे ओरखडा, इथे सुरकुती. पुढच्या खेपेआधी त्या खुणा बघून डाय नीट करायची. डायची तब्येत कशी आहे ते त्या पॅनलवर लिहिलेलं असतं.

गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. काकांनी ते नखाने उचललं, दाराच्या डायजवळच्या पॅनलचा फोटो काढला, स्टिकर परत चिकटवलं आणि बाहेर आल्यावर फोटो मला पाठवला. फोटोत खुणा दोनच, त्याही किरकोळ.

"डाय झिजलेली असती तर हा पॅनल खडूने पांढरा झाला असता. सेहेचाळिसाव्या दिवशी श्रम खात्यात सुनावणी आहे. तिथे हा फोटो अधिकाऱ्यांच्या हातात द्यायचा, आणि म्हणायचं, आत्ता चला, बाकीचे पॅनल बघा. तोवर कुणाला दाखवू नको. बोभाटा झाला तर कंपनीवाले सगळे पॅनल उचलून नेतील."

"बिल्कुल नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीने गेटवर फलक लावला: आपण एक कुटुंब आहोत. बंद करायचा अर्ज देऊन वर कुटुंब. माझं डोकं फिरलं. मी फोटो पत्रकात घातला. काकांच्या बुटाचं टोक दिसत होतं, ते कापलं. हातमोज्याची कड कापली. आपण फार सावध आहोत असं मला वाटत होतं. मथळा हिंदीत दिला: डाई नहीं घिसी, नीयत घिसी है. मथळ्यावर मी खूश होते, हेही सांगून टाकते.

सकाळच्या शिफ्टला पत्रक वाटलं. दुपारी काकांना ऑफिसात बोलावलं. तिथल्या साहेबाने पत्रक पुढे ठेवलं आणि फोटोतल्या खुणेवर बोट ठेवलं. अर्धा गोल, त्यात तिरपी रेघ. प्रेस शॉपमध्ये बाकी सगळे फुली मारतात, अर्धा गोल एकटे काका काढतात. मी हात कापला होता आणि हस्ताक्षर ठेवलं होतं.

संध्याकाळपर्यंत काका निलंबित, आणि सगळे पॅनल भंगारात.

मी फोन केला. काका म्हणाले, "मथळा चांगला होता." फोन ठेवला.

सुनावणीला कंपनीचा वकील इस्त्रीच्या शर्टात, आमचं पत्रक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आला होता. फोटो चोरीचा आहे, तारीख नाही, असं म्हणाला. श्रम खात्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "वो पैनल कहाँ है?"

"रूटीन में स्क्रैप हो गया, सर."

मी उठणार होते. काकांनी माझ्याकडे न बघता हात आडवा धरला आणि स्वतः उभे राहिले.

"पैनल नहीं है साहब, डाई तो है. खुद देख लीजिए."

"मैं अफसर हूँ, मिस्त्री नहीं."

"नाखून तो है न आपके पास? डाई की कटाई वाली धार पर फिराइए. अटके तो धार ज़िंदा है, फिसल जाए तो घिसी हुई. बस जल्दी कीजिए. पैनल एक दोपहर में चले गए."

अधिकारी थोडं हसले. वकील नाही हसला. त्याच दुपारी अधिकाऱ्यांची गाडी कारखान्याकडे निघाली.

काकांना आत सोडलं नाही. आम्ही गेटसमोरच्या टपरीवर उभे राहिलो. त्यांनी स्वतःपुरता चहा घेतला. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं." ते म्हणाले, "हो." तासभर तेवढंच बोलणं. आत माल हलवायचा ट्रक दिसला की त्यांची मान उंच व्हायची. तो डायकडे गेला की नाही, ते बाहेरून कळत नव्हतं.

मग गाडी बाहेर आली आणि गेटवर हळू झाली. अधिकारी मागे बसून रुमालाने बोटाचं ग्रीस पुसत होते. काच खाली झाली. "अटका," एवढंच काकांना म्हणाले.

त्यांचा अहवाल लखनौला, राज्य सरकारकडे गेला. सत्तावन्नाव्या दिवशी आदेश आला: परवानगी नाकारली. कंपनी वर्षभराने परत अर्ज करू शकते, आणि करेल. तोवर प्रेस चालू आहे. काका मात्र बाहेरच आहेत. फोटोची चौकशी सुरू आहे, दर तारखेला ते येतात, इस्त्री केलेला गणवेश घालून. कारखाना वाचला तो त्यांच्यामुळे, ते बाहेर आहेत ते माझ्यामुळे. हे कुठल्या पत्रकात छापत नाहीत.

परवा शिफ्ट सुटली तेव्हा गेटबाहेर एक फिटर सायकल थांबवून त्यांच्याशी बोलत होता. दाराच्या पॅनलला कोपऱ्यात सुरकुती येतेय.

"वरच्या की खालच्या?" काकांनी विचारलं, आणि त्याच्या तळहातावर बोटाने रेघ काढून काय करायचं ते सांगितलं.

तो गेल्यावर मी नव्या पत्रकाचा मसुदा पुढे केला. त्यांनी चष्मा काढला, सगळा वाचला, पेन मागितलं आणि मथळा खोडला.

"आता छाप," ते म्हणाले.