काचेतलं बंद दार

मंडळी, आज चाळीच्या फळ्यावर सुविचाराऐवजी माझाच अनुभव लिहितोय.

सकाळी चेंबूरला एका सिंधी कुटुंबाच्या घरी रंगीत काचेची खिडकी बसवली. फाळणीत गाव सुटलेल्या आईसाठी मुलाने ती करून घेतली होती. वाळू, फुललेले निवडुंग, तिथल्या त्यांच्या घराच्या कमानी, नक्षीचं दार, सगळं त्याने सांगितलं तसंच मी केलं होतं.

म्हातारी काचेवर हात फिरवत राहिली. मग मला म्हणाली, "दरवाजा बंद क्यों किया, बेटा? मैं तो खुला छोड़ के आई थी."

मुलगा तोंड फिरवून रडायला लागला. मी खिडकी उतरवून परत घेऊन आलो.

दुपारपासून उघडं दार करायला बसलोय. पण दाराच्या आत काय दाखवू? सांगा ना कुणीतरी.