समुद्राला पाळ

आमच्या बाबांनी एकदा अरबी समुद्र अडवून पाहिला. जमलं नाही.

जमणार नव्हतंच, हे आज कोणीही सांगेल. पण त्या दिवशी तिथे हजर असलेली निम्मी माणसं बाबांच्या बाजूनं कामाला लागली होती, आणि त्यात सगळ्यात पुढे मी होतो. तेव्हा हसायचं असेल तर आधी मला हसा. बाबांचा नंबर नंतर.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, करडीच्या बाजूला. गावाच्या डोक्याशी जुन्या मालगुजाराच्या काळचा मोठा तलाव. त्याला मातीची लांबलचक पाळ, आणि पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दगडी दार. त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. कोणाच्या धानाला पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, तुडूम कधी बंद करायचं, हे काम आजोबा-पणजोबांपासून आमच्या घराकडे. बाबा पाळीवर उभे राहून तलावाकडे नुसते पाहत आणि म्हणत, "परवा सोडतो." परवा कशाला, उद्या का नाही, असं विचारायची गावात कोणाची छाती नव्हती.

मला मात्र पाण्यातलं ओ की ठो कळत नसे. म्हणून मला शिकवलं, आणि शिकलो म्हणून मुंबईला एका कचेरीत कारकून झालो. (आमच्याकडे ज्याला शेती जमत नाही त्याला हुशार म्हणायची पद्धत आहे.) पुढे लग्न झालं. बायको कमल. पण ती गावात सासू-सासऱ्यांजवळ आणि मी मुंबईत कॉट भाड्यानं घेऊन, अशी दोन वर्षं गेली. माणसाचं लग्न झालंय याची त्याला पोस्टमननं आठवण करून द्यावी, असा संसार! शेवटी आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मला एका चाळीत खोली मिळाली. मी धावत गावी गेलो आणि बाबांना विचारलं, "कमलला नेऊ का?"

"कायले?" बाबा म्हणाले.

आता याचं उत्तर वडिलांना काय देणार?

"सूनबाई तिकडे गेली म्हणजे तू वापस येत नाही," बाबा म्हणाले. "मंग माझ्यामागं तुडूम कोण पाहीन? त्यापेक्षा तूच नौकरी सोड अन् घरी ये."

कमल दाराआड उभी होती. तिच्या हातातलं सूप थांबलेलं मला ऐकू आलं. मग मायच मधे पडली. "अजी, पोरगा कुठी रायते, काय खाते, एकदा पाहून तर या. पसंत पडलं तर सूनबाईले ठेवू, नाही पडलं तर त्याले घेऊन येऊ."

बाबांनी तलावाकडे पाहिलं. मे महिना होता, पाणी तळाला गेलेलं, सोडण्यासारखं काही नव्हतं. "चाला," ते म्हणाले.

अशा रीतीनं मुंबई पसंत करून घ्यायची जबाबदारी माझ्यावर पडली. आठवड्याची रजा काढली, आणि शहर जणू माझ्या वडिलांनीच (म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी वडिलांनी) बांधलंय अशा थाटात बाबा, माय आणि कमल अशा तिघांना फिरवायला लागलो.

पहिल्या दिवशी गेटवे. भर उन्हात समुद्र नुसता चमकत होता. बाबांनी त्या कमानीला एक पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "एवढं मोठं दार आहे. घर कुठी आहे?"

"घर नाही, बाबा. नुसतं दार."

"मंग आतून साखळ कोण लावते?"

माय समुद्राकडे पाहत बसली होती. ती म्हणाली, "एवढं पाणी पडून आहे, तं शिंगाडे काहून नाही लावत हे लोक?" मी म्हटलं, खाऱ्या पाण्यात शिंगाडे होत नाहीत. माय म्हणाली, "मंग काय कामाचं?" समुद्राचा इतका थोडक्यात निकाल मी आजवर दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मत्स्यालय. बाबांनी काचेतला एकेक मासा पाहिला, प्रत्येकाजवळ थांबून "हा खातेत?" असं विचारलं, आणि खात नाहीत म्हटल्यावर "मंग पोसतेत कायले?" म्हणून ते पुढे गेले. मागून एक साहेबी जोडपं येत होतं. त्यांच्यापर्यंत हा प्रश्न पोचल्यावर त्यांनीही मला तोच विचारला!

तिसऱ्या दिवशी टेकडीवरची बाग. तिथे माझीच जीभ घसरली. मी माहिती दिली की या बागेच्या खाली पाण्याचं मोठं टाकं आहे, अर्ध्या शहराला तिथून पाणी जातं. बाबा जागच्या जागी थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर पसंतीचं काही दिसलं.

"खाली पाणी आहे?"

"हो."

बाबांनी टोपी काढली, हिरवळीवर आडवे झाले आणि जमिनीला कान लावला. मायही शेजारी बसली. कमल पदराआड हसत होती. लोक जमले. एका बाईनं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "यांच्या तोंडावर मारा, उन्हानं होतं असं." बाबा उठले, टोपी झटकली आणि मला म्हणाले, "चावी कोणापाशी असते? त्याच्यासंग दोन गोष्टी करायच्या होत्या."

चावीवाला काही भेटला नाही. पण बाबा खुशीत होते, आणि त्या रात्री कमलनं मला हळूच विचारलं, "मामाजी हो म्हणतीन का हो?" मी म्हटलं, उद्या नक्की. उद्या मी त्यांना असं काही दाखवतो की बोलायची सोय नाही.

ते खरंच झालं.

मुंबईत समुद्राच्या आत एक दर्गा आहे. किनाऱ्यापासून तिथवर पाण्यातून एक अरुंद वाट जाते, दोन्ही बाजूंना समुद्र. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा पाणी लांब होतं, वाटेच्या कडेचे खडक उघडे पडले होते. बाबांनी वाटेवर पाय ठेवला आणि त्यांचा चेहरा खुलला. चपलेच्या टाचेनं वाट ठोकून पाहिली, कडेला वाकून दगडांचा उतार पाहिला.

"पाळ चांगली बांधली," ते म्हणाले. "पण माथा लय ठेंगणा ठेवला. पाणी चढलं तर?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन वर्षं मुंबईत काढलेला माणूस! मी म्हटलं, "बाबा, हा काय आपला तलाव आहे? समुद्राला पूर येत नाही."

वाक्य तसं खोटं नव्हतं. भरती नावाचा प्रकार शाळेत मी पाठही केला होता. पण पाठ केलेलं पाणी आणि पायाखालचं पाणी यांचा संबंध जोडायचं डोकं मला कधीच नव्हतं, आणि मुंबईत मी समुद्र पाहिला तो कचेरीतून सुटल्यावर, भेळ खाताना.

दर्शन झालं. मायनं बसून सगळ्यांसाठी काहीबाही मागितलं (कमलसाठी जास्त, हे तिच्या पुटपुटण्यावरून कळत होतं). मग सावली बघून बसलो, भाकरी सोडली. सगळं छान चाललं होतं. परत निघालो, वाटेच्या तोंडाशी आलो, तर वाटेच्या मधोमध, जिथे ती सगळ्यात सखल होती, तिथून पाणी या बाजूचं त्या बाजूला वाहत होतं.

पाळीवरून पाणी वाहायला लागलं की आमच्या गावात काय करतात, हे इथे सांगितलं पाहिजे. पाळ फुटली तर खालचं सगळं धान जातं, गावाचं वर्षच जातं. म्हणून एकानं हाक द्यायची, आणि ती ऐकली की प्रत्येकानं हातातलं टाकून धावायचं. जेवत असलेला ताटावरून उठतो, भाऊबंदकीचं भांडण चालू असलं तर दोघंही एकाच घमेल्याला हात लावतात. लहानपणी ती हाक मी एकदा ऐकली होती.

दुसऱ्यांदा ऐकली ती मुंबईत.

"धावा गा! पाळ फुटली!"

बाबांनी धोतर खोचलं, धावत जाऊन कडेचा पहिला दगड उचलला आणि वाहत्या पाण्यात टाकला. "उभा काय रायला बे? गोटे आण!" मी आणि गोटे न आणणार? वडिलांनी त्या आवाजात सांगितल्यावर आमच्या खानदानात कोणी भूगोल आठवत नाही. मी दगड उचलला. मायनं उचलला. कमलनं पदर कमरेला बांधला आणि आम्हा दोघांपेक्षा मोठा उचलला.

परत निघालेले लोक थांबले. टोपीवाला एक माणूस जवळ आला. "भाईसाब, ये क्या हो रहा है?"

माझे कान लाल झाले होते. वडील समुद्र अडवतायत, हे शहाण्या माणसाला सांगणार कसं? मी म्हटलं, "मन्नत है. हमारे गाँव की."

झालं! तो माणूस म्हणाला, "सुभानअल्ला," आणि त्यानंही एक दगड उचलला. त्याचं पाहून त्याच्या बायकोनं. मग मागच्या कुटुंबानं. दगडाचा नवस फळतो, असं कोणीतरी म्हणालं, आणि मग जी रांग लागली ती दर्ग्याच्या पायऱ्यांपर्यंत. हातोहात दगड यायला लागले. एका आजीनं तान्ह्या नातवाचा हात लावून एक खडा पुढे दिला. कोणी म्हणे मुलगा होतो, कोणी म्हणे कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागतो. बाबा मधोमध उभे राहून हुकूम सोडत होते, "इकडे! त्या भोकात! चिखल भरा वरून!" आणि मुंबईचे लोक, जे रस्ता विचारला तर उत्तर द्यायला थांबत नाहीत, चिखल भरत होते.

पाणी घोट्यापर्यंत आलं. मग पोटऱ्यांपर्यंत. आमची पाळ एक लाट आली की दिसेनाशी व्हायची, पुढच्या लाटेला अर्धीच दिसायची. माझी एक चप्पल पश्चिमेला गेली.

शेवटी डबा उघडून बसलेल्या एका बाईला राहवलं नाही. "अहो आजोबा," ती ओरडली, "या वर! भरती आहे ती. संध्याकाळी उतरेल आपोआप."

बाबांच्या हातात दगड तसाच राहिला. "सोडलं कोणं?"

"कोणी नाही हो. रोजच येतं."

"अन् बंद कोण करते?"

"कोणीच नाही. आपल्या आपण जातं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या पायातल्या चपलेकडे. त्यांनी दगड खाली ठेवला, फेकला नाही, नीट ठेवला, आणि वर येऊन पायरीवर बसले. वाट सबंध बुडाली. दुपार गेली. बाबांनी पाण्यावरून नजर हलवली नाही. संध्याकाळकडे पाणी जसं आलं तसं निमूट मागे गेलं, वाट वर आली, आणि आमचे दगड कुठे होते तेही कळेना. मला त्यांचं फार वाईट वाटलं. ज्या माणसाला सगळं गाव पाण्याचं विचारतं, त्याला मी चार लोकांत पाण्यातच उघडं पाडलं होतं. आणि कमलचंही वाईट वाटलं, कारण आता हो येणं शक्य नव्हतं.

खोलीवर आल्यावर मायनं विचारलं, "मंग सूनबाईचं कसं?"

"घरी जाऊन सांगतो," बाबा म्हणाले. कमलनं आपली ट्रंक भरली. मीही उरलेल्या रजेत त्यांच्याबरोबर निघालो. भंडारा रोड स्टेशन येईपर्यंत आम्हा चौघांत मिळून बोलणं झालं ते चहावाल्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पाळीवर गेले. मागोमाग मी. गावातली दहा-पंधरा माणसं जमलीच. थोड्या अंतरावर कमल घागर घेऊन उभी होती, घागर कधीची भरलेली होती. आमचे शेजारी लक्ष्मणकाका म्हणाले, "काय गा, समुद्र कसा आहे?"

बाबांनी दर्ग्याची सगळी गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही, दगडसुद्धा. लोक पोट धरून हसले, बाबाही हसले. मग थांबून म्हणाले, "पाणी लय आहे बावा. पण त्याले माणूस नाही लागत. ना तुडूम, ना चावी, ना जागल. आपल्या मनानं येते, आपल्या मनानं जाते. मी दिवसभर बसून पायलं, कोणी काही चुकलं नाही."

आणि माझ्याकडे वळले. "सूनबाईले घेऊन जा."

मला खरंच वाटेना. "बाबा, मग इथलं?"

"इथलं मी आहो तवर मी पायतो. माझ्यामागं गाव पाहीन." त्यांनी तलावाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "मलेच घोर होता, हा पोट्टा एवढ्या पाण्यापाशी रायते, कसं होईन म्हणून. आता फिकर नाही. जिथं काहीच करा लागत नाही, तिथं हा बरोबर आहे."

पाळीवर पुन्हा हशा पिकला. कमलच्या घागरीतलं निम्मं पाणी सांडलं, आणि मी एवढा अपमान होऊनही आनंदानं रडायच्या बेतात होतो.

त्यानंतर नोकरीची सगळी वर्षं मी मुंबईत काढली. समुद्र रोज वेळेवर आला, वेळेवर गेला. कचेरीचंही तसंच चाललं. दोन्हीकडून मला एकदाही कोणी "धावा" म्हणून हाक मारली नाही!