वाडग्यातलं पाणी

माझ्या मावशीच्या यजमानांना, म्हणजे काकांना, सगळे टेहळ्या म्हणत. छापखान्यातली मंडळी दर वर्षी व्हॅन करून डोंगरात मुक्कामाला जायची आणि व्हॅन काका चालवायचे. पण आधी एकट्याने जाऊन जंगलातला रस्ता बघायचा, तंबूची जागा हेरायची, मगच हो म्हणायचं, असा त्यांचा शिरस्ता. शेजारच्या सीटवर ते स्टीलचं वाडगं काठोकाठ भरून ठेवत. पाणी सांडलं की रस्ता नापास. मग छापखान्याच्या साहेबांनी गळ घालू दे नाहीतर पाया पडू दे, काका ढिम्म.

ही वाडग्याची खोड मावशीचा मणका बिघडल्यापासूनची. तिला दणका बसू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सपाटीवरच्या सहलींना ती उशा लावून जायची, पण तिचा जीव अडकला होता डोंगरमाथ्यावरच्या तळ्यात. तो रस्ता दर वर्षी नापास व्हायचा. या वर्षी तिचं दुखणं वाढलं होतं. पुढच्या वर्षी बसता तरी येईल का, कुणास ठाऊक.

"रिकामी गाडी उडणारच," एकदा ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "भरलेली नेऊन बघितलीत कधी?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं टेहळणी केली, पण ही साधी गोष्ट काही त्यांच्या डोक्यात आली नव्हती.

रविवारी त्यांनी सीटांवर पाण्याचे कॅन चढवले. मागे मी. पुढे मावशीच बसली. काका नको नको म्हणत होते, पण तिने हट्ट सोडला नाही. "वाडगं मी धरते. तुम्ही रस्ता बघा."

भरलेली गाडी खरंच शांत चालली. काका मुंगीच्या पावलाने चढवत होते. अर्ध्या वाटेवर मात्र पावसाने खचलेलं वळण आलं. मावशीने समोरचे दगड पाहिले, वाडगं तोंडाला लावलं आणि निम्मं पाणी पिऊन टाकलं. मग दुसऱ्या हाताने दारावरचा दांडा धरला. गाडी दोनदा आपटली. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. मला मागे बसून रडू फुटत होतं.

वर पोचल्यावर काकांनी वाडग्यात डोकावून पाहिलं. "सांडलं?"

"थेंबसुद्धा नाही. तहान लागली होती."

"बरं," काका म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी तंबूची जागा पाहिलीच नाही. तळ्याच्या काठी सतरंजी घातली, मावशीला उशांना टेकवून बसवलं आणि ऊन कलेपर्यंत दोघं पाण्याकडे बघत राहिली. मावशी इतकी सुखात मी कधी पाहिली नव्हती. उतरताना त्या वळणावर काकांनी तिला खाली उतरवलं, गाडी पलीकडे नेली आणि परत येऊन तिला धरून चालवत नेलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन आला. मावशी कान देऊन बसली होती.

"तो रस्ता नको," काका म्हणाले. "पाणी सांडलं."

फोन ठेवताच ती उसळली, "खोटं का बोललात? कुठे सांडलं होतं?"

"नव्हतं सांडलं," काका म्हणाले. "पण तुझा तळहात मी पाहिलाय."

मावशीच्या तळहातावर दांड्याचे निळे वळ अजून तसेच होते. तिने हात शालीत ओढून घेतला.