मामीचं लाल कार्ड

आज एक डिसेंबर. मिरच्यांचे देठ खुडताना ठसका लागला आणि नंदुरबारचं ते मैदान आठवलं. शेजारीच मिरची वाळत घातलेली, त्यामुळे वारा आला की खेळाडूही खोकायच्या. मुलींच्या फुटबॉलची सेमीफायनल होती आणि पंच मी. नणंदेच्या मुलीला एक पिवळं कार्ड आधीच दाखवलं होतं. मी ऑफसाइड दिल्यावर ती ओरडली, "मामी, तुन्हा डोया फुटनात का?" आता दुसरं पिवळं म्हणजे लाल, आणि तिची फायनल बुडणार. रेषेपलीकडून नणंद म्हणाली, "वहिनी, घरनी पोर शे!" दोघी मुक्कामाला माझ्याच घरी होत्या, त्यामुळे संध्याकाळीही सुटका नव्हती. मी लाल कार्ड काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेने माझ्या हातचा चहा घेतला नाही. तो मीच पिऊन टाकला आणि फायनलची शिट्टी वाजवायला निघाले.