डाव्या गालाची फाईल

वारा लागला तरी दुखतं, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्या गालाकडे बघत, मग माझ्याकडे. गाल छान दिसत असे. ना सूज, ना लाली. "चेहऱ्यावर तर काहीच नाही," असं शेजारच्या काकूंनी मला तीन वेळा बजावलं. जणू मीच तक्रार मागे घ्यायला हवी होती.

कळ यायची ती विजेचा झटका बसावा तशी. कानापासून हनुवटीपर्यंत सर्रकन, आणि दोन-चार सेकंदांत गायब. दात घासताना, घास चावताना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोलताना. विहारात वंदना म्हणताना ओठ मिटले की डोळ्यांत पाणी यायचं. शेजारी बसलेल्या बायकांना वाटलं, माझी श्रद्धा वाढली. स्कूटरवर मागे बसताना मी कॉलेजच्या मुलींसारखा तोंडभर स्कार्फ गुंडाळायला लागले, तर सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "या वयात कुणापासून तोंड लपवताय?" उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण त्यापायी झटका खावा इतके ते गृहस्थ महत्त्वाचे नव्हते.

आधी मी दाढेवर संशय घेतला. दातांचे डॉक्टर नको म्हणत होते, एक्स-रे स्वच्छ होता, तरी मी हट्टाने ती काढायला लावली. इतकी वर्षं येरवड्यात राहून निरपराधाला शिक्षा होताना पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. कळ दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी ओळखलं, की दुखणं दाढेचं नसून चेहऱ्याच्या नसेचं आहे. गोळ्या दिल्या, मुळात फिट येणाऱ्यांना देतात त्या. पहिले काही आठवडे स्वर्ग होता. मग कळा परतल्या, गोळ्या वाढल्या आणि मी बसल्या जागी पेंगायला लागले. एकदा वरणाला दोनदा फोडणी दिली आणि भात लावायचाच राहिला. रक्तातलं सोडियमही उतरलं. डॉक्टर म्हणाले, "आता पुढच्या उपायांचा विचार करा. दोघांनी मिळून करा."

दोघांनी म्हणजे मी आणि माझ्या मिस्टरांनी. आम्ही दोघंही सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मी आवक-जावकला होते, हे आस्थापनेला. बोलणं मला झेपत नव्हतं, म्हणून आयुष्यभर जे केलं तेच केलं. पाठकोरे कागद घेतले, फाईल लावली आणि टिपणी लिहिली. विषय: डाव्या गालातील कळांवरील उपचाराबाबत. पर्याय एक, गालातून सुई घालून नस तापवणे. आराम लवकर, पण गाल बधिर होऊ शकतो आणि काही वर्षांनी दुखणे परतू शकते. पर्याय दोन, किरणांचा उपचार; चिरफाड नाही, पण गुण यायला आठवडे, कधी महिने. पर्याय तीन, कानामागून कवटी उघडून, नसेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये मऊ गादी ठेवणे. ऑपरेशन मोठे, पण इलाज मुळावर. एमआरआयमध्ये ती रक्तवाहिनी स्पष्ट दिसते, सबब पर्याय तीनला मंजुरी मिळावी. निर्णयार्थ सादर. फाईल यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

संध्याकाळी ती परत आली. शेरा: 'चर्चा करावी.' जिला बोलता येत नाही तिच्याशी! मी लिहिलं, 'चर्चेस एक पक्ष असमर्थ.' दुसऱ्या दिवशी यांनी त्रुटी काढली: 'ऑपरेशनमध्ये डाव्या कानास धोका संभवतो. खुलासा व्हावा.' मी खुलासा दिला: 'ऐकण्याचे काम उजवा कान करतो. डावा आपले बोलणे सोडून देण्यापुरता होता.' ते वाचून हे स्वयंपाकघरात जाऊन, दार लावून हसले. माझ्यासमोर हसले असते तर मीही हसले असते, आणि मग माझे हाल झाले असते.

त्रुटींची रांगच लागली. केस किती कापणार? दुसऱ्या डॉक्टरांचे मत जोडलेले नाही. ते जोडलं, तर प्रत अस्पष्ट आहे. नागपूरच्या नणंदबाईंचे मत घ्यावे. घेतलं. त्या म्हणाल्या, सुई घे, आणि वरून लसणाचं तेल लाव. तेही फाईलला लावलं. मत लावलं, तेल नाही.

अडीच महिने असे गेले. ही पद्धत मला चांगली ठाऊक होती. साहेबाला नाही म्हणायचं नसतं आणि हो म्हणायची छाती नसते, तेव्हा फाईल अशीच फिरते. मी स्वतः कितीतरी फिरवल्या होत्या. आता मात्र मी टेबलाच्या अलीकडे होते आणि दोन्ही वेळा खिमट गिळत होते. एका सकाळी तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि बेसिन धरून खालीच बसले. राग आला, अगदी डोक्यात गेला. लाल पेनने लिहिलं: 'फाईल कोणत्या कारणास्तव प्रलंबित आहे, ते आजच्या आज कळवावे.'

दुपारी फाईल माझ्या उशाशी होती. यांचं अक्षर नेहमी छापल्यासारखं असतं. त्या दिवशी ओळ खाली खाली उतरत गेली होती. 'मला भीती वाटते.' सही नव्हती, तारीख नव्हती.

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मी खाली लिहिलं, 'मलाही.' फाईल स्वतः नेऊन यांच्यासमोर धरली. यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि माझ्यादेखत लिहिलं, 'पर्याय तीन मान्य.'

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा डोकं जड होतं, मळमळत होतं, कानामागे टाके ओढत होते. गालात मात्र काहीच नव्हतं. मी कळेची वाट बघत पडून राहिले. जीभ फिरवली, ओठ दाबून पाहिले. काहीच नाही. हे कॉटशेजारी उभे होते. माझ्या कपाळावरचे केस यांनी मागे सारले आणि गालापाशी येताच हात सवयीने आखडता घेतला. दीड वर्षात यांनी तिथे बोट लावलं नव्हतं. मी तो हात धरला आणि गालावर ठेवला.

"अगं, दुखेल."

"नाही दुखत. राहू द्या."

सिस्टर येऊन म्हणाल्या, भेटायची वेळ संपली. नोकरीत एक नियमही न मोडलेल्या या माणसाने मान डोलावली, आणि हात तिथेच ठेवला.