रबराला नाल

गुणाजी परबाने जन्मात बूट घातले नव्हते, पण बुटांवर बोल म्हटलं असतं तर जेवणाची वेळ टळेपर्यंत बोलला असता. लालबागच्या त्याच्या चाळीत कुणाला गावच्या घरावर कौलं चढवायची असोत, कुणाला मुलीसाठी स्थळ बघायचं असो, गुणाजीचा सल्ला न मागता दारात उभा. मनाने माणूस चांगला होता. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, त्यातला.

गिरणीत तो साच्यावर कापड विणायचा, तोही अनवाणी, कारण खात्यातल्या तेलकट फरशीवर चप्पल ठरत नसे. चप्पल फक्त जाण्यायेण्यापुरती. नवी चप्पल घेतली की ती पायात घालण्याआधी नाक्यावरच्या कोंडीराम चांभाराकडे न्यायची आणि टाचेला नि पंजाला लोखंडी नाल ठोकून घ्यायची, म्हणजे तळ झिजत नाही. सगळं गिरणगाव तेच करायचं. गुणाजी मात्र हा शोध स्वतः लावल्यासारखा सांगायचा.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर त्याच्या मुलाला, जयवंताला, गिरणीने स्वित्झर्लंडला पाठवायचं ठरवलं. जयवंत माटुंग्याला शिकून यंत्रांचा डिप्लोमा घेऊन आलेला. तिकडच्या कारखान्यात नव्या तऱ्हेचे साचे कसे जोडतात ते शिकायचं आणि परत येऊन आपल्या गिरणीत ते उभे करायचे. बाप साच्यापुढे उभा राहून म्हातारा होत आला आणि मुलगा साचेच उभे करणार, म्हणून गुणाजीचे पाय जमिनीला लागेनात. साहेबाने जयवंताला एक गोष्ट मात्र बजावली होती. तिथे हिवाळाभर वाटेवर बर्फ असतो. उबदार आणि न घसरणारे बूट इथूनच घेऊन जा.

बर्फ म्हणजे गुणाजीला गोळेवाल्याच्या गाडीवरचा ठाऊक, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. तरी बूट निवडायला तोच पुढे.

गिरगावात ठाकूरद्वाराच्या बाजूला परदेशी जाणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान होतं. तिथला विक्रेता सत्तरीला टेकलेला, काळी टोपी, स्वच्छ धोतर. त्याने जयवंताला खुर्चीवर बसवलं आणि आपण गुडघे टेकून त्याचा पाय सरळ मांडीवर घेतला.

गुणाजी ताडकन उभा राहिला. "अहो, काय करता? पाय धरू नका!"

"आमचं कामच आहे हो ते," म्हातारा हसत म्हणाला आणि जयवंताच्या टाचेला हात लावून माप घेऊ लागला.

गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या पाया पडायचं, हे त्याला आईने शिकवलेलं. इथे तो माणूस त्याच्या पोराचे पाय धरून खाली बसला होता आणि पोरगा वर खुर्चीत. त्याने तोंड फिरवलं आणि दाराबाहेरची ट्राम बघत बसला. कान नुसते तापले होते.

म्हातारा मात्र मन लावून सांगत होता. हा चामड्याच्या तळाचा दिसायला झकास, पण बर्फावर साबणासारखा. हा गमबूट पावसाला ठीक, थंडीत आत पाय गोठेल. हा तिसरा घ्या. आत लोकर आहे, तळ जाड रबराचा आहे. जाड मोजा घालून आत बोटं हलली पाहिजेत, म्हणून एक नंबर मोठा देतो. "आणि तळाला काही करू नका बरं का. या खोल खाचा आहेत ना, त्याच बर्फावर पाय धरून ठेवतात."

जयवंताने सगळं ऐकलं. गुणाजीच्या कानात त्यातलं अक्षर शिरलं नाही. म्हातारा लौकर उठावा एवढंच त्याला हवं होतं. "होय होय, हेच द्या," म्हणत त्याने खोका उचलला आणि पोराला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

लालबागला पोचेपर्यंत लाज ओसरली आणि शहाणपण पुन्हा जागेवर आलं. नाक्यावर कोंडीरामापुढे त्याने खोका उघडला.

"नाल मार. टाचेक आणि पुढे, दोनय."

कोंडीरामाने बूट उलटा करून बघितला. "दादा, रबराला कशाला नाल? कायतरीच दिसंल."

"बाबा, ते दुकानदार म्हणत होते—" जयवंताने तोंड उघडलं.

"दुकानदार काय म्हणतलो? बूट लौकर झिजले तर तू परत त्याच्याकडेच जातलस ना! रबर किती दिस टिकतला? मार रे तू."

चार दिवसांत बोटीवर चढायचं होतं, आणि बापाशी वाद घालून निघणं जयवंताच्या जिवावर आलं. कोंडीरामाने मान हलवली, पण हातोडी उचलली. खोल खाचांवर लोखंडाचे चार गुळगुळीत तुकडे बसले.

त्या संध्याकाळी बूट घालून जयवंत गॅलरीतून चालला आणि खटाखट चार दारं लागली. छप्पन्न साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, गोळीबाराच्या दिवसांत, पोलीस चाळीचाळींत शिरले होते. तेव्हापासून जिन्यावर लोखंडी टाच वाजली की माणसं आधी कडी लावत, मग बघत. शेजारच्या सुंदराबाईने फटीतून जयवंताला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मेल्या, तू होय! जीव गेला माझा!"

सगळे हसले. गुणाजी सगळ्यांत मोठ्याने हसला. "बघा, पोलिसाच्या तोडीचे बूट!" त्याची बायको मालन मात्र म्हणाली, "काढून टाका ते लोखंड. माका त्याचो आवाज बरो वाटत नाय." बायकोचं ऐकायचं तर गुणाजी परब कशाला म्हणायचं?

जानेवारीत गिरणीच्या ऑफिसातून निरोप आला. जयवंत तिथल्या कारखान्याच्या पायऱ्यांवर बर्फात घसरून पडला होता. उजव्या पायाचा घोटा मोडला, इस्पितळात आहे, जिवाला धोका नाही.

मालन रडली. चाळ गोळा झाली. गुणाजीने सगळ्यांना सांगितलं, "तिकडचो बर्फच तसो. भलेभले घसरतत." बोलताना त्याला स्वतःलाही ते खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो नाक्यावरून येत होता. कोंडीरामाने हातातलं काम ठेवून काळजीने विचारलं, "दादा, ती नाल काढून दिली व्हती ना, जायच्या आधी?"

गुणाजी जागच्या जागी थांबला. दुकानातल्या म्हाताऱ्याचं ते वाक्य त्याला आत्ता ऐकू आलं, शब्दन् शब्द. म्हणजे कानात शिरलं होतं, आणि इतके दिवस आत नुसतं पडून होतं.

"होय," तो म्हणाला. "काढली होती."

आयुष्यात त्याने बढाया पुष्कळ मारल्या होत्या, पण असं धडधडीत खोटं कधी बोलला नव्हता. आणि तेही कुणाशी, ज्याने नको म्हटलं होतं त्याच्याशीच.

त्या दिवसापासून गुणाजीने नाका टाळला. परळच्या बाजूने वळसा घालून घरी यायचा. चपलेचा अंगठा तुटला तर सुतळीने बांधला. सुतळी तुटली तर फरफटत चालला, पण कोंडीरामासमोर गेला नाही आणि दुसऱ्या चांभाराकडे जायलाही धजला नाही. चाळीत कुणी सल्ला विचारला तर म्हणायचा, "माका काय कळता?" लोकांना वाटलं पोराच्या काळजीने खचला. मालनलाही तेच वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गुणाजीच्या मुठीत निखारा होता.

साठ सालच्या मार्चमध्ये जयवंत परत आला. धक्क्यावर बोटीच्या शिडीवरून एकेक पाय टाकत उतरला. घोटा वाकडा सांधला गेला होता. उंच साच्यांवर चढून ते जोडायचं काम आता होण्यातलं नव्हतं; गिरणीने त्याला सुट्या भागांच्या कोठारात बसवलं.

चाळीत सगळे त्याच्याभोवती जमले तेव्हा सुंदराबाईने विचारलं, "एवढे भारी बूट होते ना रे?"

"बूट होते म्हणूनच पाय वाचला," जयवंत म्हणाला. "तासभर बर्फात पडून होतो. आत लोकर होती, नाहीतर बोटं गेली असती. बाबांनीच निवडले होते."

लोकांनी कौतुकाने गुणाजीच्या पाठीवर थापा मारल्या. त्याला वाटलं, यापेक्षा पोराने चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं. लाजेने त्याला मान वर करता येईना. नंतर मालनने ट्रंक उघडली तेव्हा त्याने कोपऱ्यातले ते बूट उलटे करून पाहिले. नाल नव्हती. रबरात खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती. पोराने ती कधी उपटली, कुणासमोर उपटली, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळी चाळ मिरवणुकीने शिवाजी पार्काकडे निघाली. लेझीम, गुलाल, घोषणा. जयवंताने बापाच्या खांद्यावर हात ठेवला होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीला त्याचा भार गुणाजीच्या खांद्यावर यायचा आणि जायचा. मिरवणूक नाक्याकडे वळली. आज वळसा घालता येण्यासारखा नव्हता.

कोंडीराम आपल्या जागेवर बसून मिरवणूक बघत होता. बरोबर त्याच्यासमोर जयवंत थांबला. घोटा सुजला होता, बुटाची नाडी आवळत होती, आणि त्याला खाली वाकता येत नव्हतं.

गुणाजीने एकदा कोंडीरामाकडे पाहिलं. मग भर रस्त्यात गुडघे टेकले आणि जयवंताचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"बाबा, काय करताय?" जयवंत गडबडला, पाय मागे ओढू लागला. "पाय धरू नका. लोक बघतायत."

"बघू देत."

त्याने नाडी सैल केली. वाकड्या घोट्यावर हात पहिल्यांदाच पडला होता, तो तसाच राहिला. मान वर न करता तो म्हणाला, "कोंडीराम, मी तुझ्याकडे खोटा बोललंय. नाल काढूक नव्हती."

ढोलताशांत कोंडीरामाला ऐकू गेलं की नाही कळेना. तो उठला, आपलं बसायचं फळकुट आणून जयवंतामागे ठेवलं आणि त्याला दंडाला धरून बसवलं. मग गुणाजीशेजारी स्वतःही खाली बसला.

"दादा," तो म्हणाला, "ठोकली तर मीच व्हती."