बंडप्पा कंपाउंडरवरचा आळ

कानडी सीमेलगतच्या मुरुमच्या अलीकडच्या एका गावात सरकारी दवाखाना होता. बंडप्पा तिथं निजामाच्या अमदानीत कंपाउंडर म्हणून लागला. राज्य बदललं, साहेब बदलले, बंडप्पा तिथंच राहिला. पुडीवर रोग्याचं नाव घालून, कसं घ्यायचं ते दोनदा सांगूनच तो गोळ्या हातात द्यायचा.

चौसष्टच्या उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. सल्फाच्या गोळ्यांनी दोन दिवसांत उठून बसणारी माणसं यंदा आठवडा झाला तरी अंथरुणालाच खिळलेली. नव्या डॉक्टरनं गोळ्यांचा डबा उघडून पाहिला आणि ओट्यावरच्या गर्दीसमोर बंडप्पाला विचारलं, "खऱ्या गोळ्या विकून खडू वाटतोस काय रे?"

पंधरा वर्षांनी लहान माणसानं चारचौघांत केलेलं हे अरेतुरे!

"साहेब, एक गोळी इकडची तिकडं केली आसंल तर हात तोडा माझा!"

डॉक्टरनं कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. शेजारच्या बानूबाईची नात आजारीच होती. बंडप्पा विचारपूस करायला गेला, तर बानूबाई दारातच म्हणाली, "तुझ्या हातचं पानीबी नगं."

त्या दिवशी बंडप्पा जेवला नाही. बायको पार्वतम्मानं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली, चार रोग्यांच्या शौचाचे नमुने बाटल्यांत घेतले, त्यांनी न खाता पोथीत दडवलेल्या गोळ्या घेतल्या आणि एसटीनं सोलापूर गाठलं.

तिथल्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर शारदाबाईंनी त्याला चार दिवसांनी बोलावलं. काचेच्या बशीत जंतूंचे ठिपके भरगच्च उठले होते.

"गोळ्या अस्सल आहेत. या बशीत त्याच घातल्यात, तरी जंतू वाढले."

"जंतू बदलला कसा, बाई?"

"त्याला आईबाप लागत नाहीत. अर्ध्या तासात एकाचे दोन, दोनाचे चार, सगळे हुबेहूब. लाखो-करोडोंत एखादा चुकून वेगळा निघतो, औषधाला दाद न देणारा. बाकीचे औषधानं मेले की रान त्यालाच मोकळं."

"पर एका सालात गावभर?"

"जंतू हा गुण एकमेकांना देतातही. दोन जंतू चिकटतात आणि एक दुसऱ्याला त्या गुणाची नक्कल देतो, मूळ स्वतःकडं ठेवून. आतड्यातला साधा जंतू हगवणीच्या जंतूलाही देतो. जपानातल्या डॉक्टरांनी हे दाखवलंय."

बंडप्पा तडकला. "दोन गोळ्या खाऊन बाकीच्या पोथीत दडवणारे गावकरी, गुण वाटणारे जंतू, आन् चोर मी?"

बंडप्पानं आणलेला शारदाबाईंचा अहवाल वाचून गावच्या डॉक्टरनं किल्ल्या टेबलावर सरकवल्या. "बरं झालं. दुसरं औषध मागवतो."

"साहेब, खडू म्हणालात ते बाहेर ओट्यावर. ह्ये बी तिथंच वाचा."

"कागद दप्तरी लागेल. जा, कामाला लाग."

शारदाबाईंनी दिलेली दुसरी प्रत बंडप्पाच्या खिशात होती. बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून त्यानं ती मोठ्यानं वाचली, एकदा मराठीत, एकदा कानडीत. डॉक्टर खिडकी लावून आत बसला. नवं औषध आलं, तेव्हा बानूबाई नातीला घेऊन आली आणि खाली मान घालून तिनं त्याच्याच हातून पुडी घेतली.

वर्षानं डॉक्टरची बदली झाली. निरोपाला गाव जमलं, पेढे वाटले. बंडप्पा घरीच बसला. पार्वतम्मा म्हणाली, "जावा की, झालं गेलं."

"त्यानं माझी माफी मागितली व्हय?" बंडप्पा म्हणाला आणि पानाला चुना लावत राहिला.